चित्राखालचे नाव

(जुन्या हिंदुस्थानातील व्यवसाय व वेशभूषा दाखविणाऱ्या चित्रांविषयी आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



गेल्या शब्बाथला आपण ‘तेत्सावे’ हा पाराशा वाचला आणि आज ‘की तिस्सा’. ‘तेत्सावे’मध्ये अहरोन कोहेनच्या वस्त्रांचे वर्णन आहे. उरपटावर चार ओळींत बसविलेली बारा रत्ने, झग्याच्या घेराला डाळिंबे आणि त्यांच्यामध्ये सोन्याची घुंगरे, कपाळावर सोन्याची पट्टी. कोणते सूत, कोणता रंग, कोठे कडी, कोठे साखळी, सारे इतके तपशीलवार की शिंप्याने समोर ठेवून काम करावे. आणि ‘की तिस्सा’मध्ये हे काम करणाऱ्याचे नाव येते : बेझालेल, उरीचा मुलगा, हूरचा नातू, यहूदाच्या वंशातला. त्याच्या जोडीला ओहोलिआब, अहिसामाखचा मुलगा, दानच्या वंशातला. तोरा वस्त्रांचे वर्णन करते आणि ती घडविणाऱ्या माणसाचे नावही सांगते.

आज ज्या चित्रांविषयी मी बोलणार आहे, त्यांतही वस्त्र आणि काम अशाच बारकाईने दाखविलेले आहे. नाव मात्र बहुधा नाही. ही चित्रे कोणी काढली, कोणासाठी काढली, त्यांतून आपल्याला काय कळते आणि काय कळत नाही, आणि आपल्या समाजाचा त्यांच्याशी काय संबंध, एवढेच मला आज मांडायचे आहे.

माणसांचे पोशाख आणि धंदे चित्रांत नोंदवून ठेवण्याची युरोपीय लोकांची हौस जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीजांच्या काळात, हिंदुस्थानी चित्रकाराने काढलेला शहात्तर चित्रांचा एक संग्रह आज रोममधील कासानातेन्से ग्रंथालयात आहे. त्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनपर्यंतचे निरनिराळे लोक आपापल्या वेशात उभे आहेत आणि जवळ पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या ओळी आहेत. परंतु या चित्रांचा खरा सुकाळ झाला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात, म्हणजे साधारण १७७० नंतरच्या शंभर वर्षांत. म्हणूनच त्यांना ‘कंपनी चित्रे’ किंवा ‘कंपनी शैली’ असे म्हणतात.

त्या काळी कॅमेरा नव्हता. कंपनीचा अधिकारी नोकरी संपवून विलायतेस परत निघाला की आपण कोणत्या लोकांत राहिलो हे घरच्यांना दाखवावे, असे त्याला वाटे. शिवाय ज्या मुलखावर राज्य करायचे तेथील लोकांची जंत्री हाताशी असावी, हाही हेतू होताच. दुसऱ्या बाजूला मोगल दरबार आणि नवाबांचे आश्रय खालावल्यामुळे चित्रकारांची घराणी नव्या गिऱ्हाइकांच्या शोधात होती. मुर्शिदाबाद, पाटणा, लखनौ, दिल्ली आणि दक्षिणेत तंजावर, तिरुचिरापल्ली येथे अशी चित्रे संचाने तयार होऊ लागली. पाटण्याकडे अशा संचाला ‘फिरका’ म्हणत. चित्रकारांनी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे आपली रीत बदलली. कागद विलायती, रंग पाण्यात कालवलेले आणि फिकट, माणसाच्या पायाशी थोडी सावली आणि मागची बाजू बहुधा कोरी. कागद विलायती असल्याचा आज एक फायदा होतो. तो उजेडाकडे धरला की कारखान्याचे जलचिन्ह दिसते, काही वेळा त्यात सालही असते, आणि चित्र त्या सालापूर्वीचे असू शकत नाही हे ठरविता येते.

युरोपीय चित्रकारही या कामात उतरले. अँटवर्पचा फ्रांस्वा बाल्थाझार सोल्विन्स १७९१ साली कलकत्त्यास आला आणि त्याने तेथील लोकांची अडीचशे चित्रे ताम्रपटावर कोरून १७९६ पासून प्रसिद्ध केली. निरनिराळ्या जाती, त्यांचे धंदे, साहेबांच्या घरचे नोकर, वादक आणि त्यांची वाद्ये, नावा, पालख्या, हुक्के असे त्याचे वर्ग आहेत. पुढे पॅरिसमध्ये १८०८ ते १८१२ या काळात त्याने हेच काम चार मोठ्या खंडांत पुन्हा काढले. धंदा म्हणून दोन्ही वेळा त्याला नुकसानच झाले. १७९६ हे साल आपण लक्षात ठेवावे, कारण त्याच वर्षी मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी आपल्या समाजाचे पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, उभारले. म्हणजे कलकत्त्यात एक परदेशी माणूस हिंदुस्थानच्या लोकांची चित्रमय यादी करीत होता, तेव्हा मुंबईत आपले पूर्वज स्वतःच्या नावाने उभे राहत होते. त्या यादीला त्यांचा पत्ता नव्हता.

तंजावरच्या चित्रांकडे मराठी माणसाने विशेष पाहावे. तेथे शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात राज्य स्थापिले आणि पुढे पावणेदोनशे वर्षे त्या तमिळ मुलखात मराठी बोलणारा दरबार नांदला. तंजावरच्या संचांत बहुतेक वेळा नवराबायकोची जोडी असते. पुरुषाच्या हातात त्याच्या धंद्याचे हत्यार आणि बायकोच्या हातात त्याच धंद्यातील एखादी वस्तू. कुंभार आणि कुंभारीण, सोनार आणि सोनारीण, विणकर, परीट, ताडी काढणारा, टोपल्या विणणारा, शिपाई आणि त्याची पत्नी. मराठी स्त्री असेल तर तिचे कासोट्याचे लुगडे लगेच ओळखू येते, आणि शेजारच्या पानावरील तमिळ स्त्रीचे नेसणे वेगळे दिसते. निऱ्या कोठे खोचल्या, पदर कोणत्या खांद्यावरून आला, काठ केवढा रुंद, पायांत काय आहे, पागोट्याचा पीळ कसा, हे सारे चित्रकाराने डोळ्यांत तेल घालून टिपले आहे.

म्हणून ही चित्रे पुरावा म्हणून मोलाची आहेत. राजेरजवाड्यांचे पोशाख संग्रहालयांत टिकले, पण परटिणीचे लुगडे कोणी जपून ठेवले नाही. ते विरले, त्याची गोधडी झाली, गोधडीचे पोतेरे झाले. ते कसे नेसले जाई हे आज आपल्याला चित्रातूनच कळते. हत्यारांचेही तसेच. सोनाराची फुंकणी, न्हाव्याची धोपटी, पिंजाऱ्याची धनुकली, ताडाच्या झाडावर चढताना पायांत अडकवायचा दोर, या वस्तू वापरणाऱ्यांनी त्यांच्याविषयी काही लिहून ठेवले नाही. धंद्यांच्या चित्रांमध्ये तेलाचा घाणाही आढळतो. लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड, त्यावर वजन, आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल. हे चित्र पाहताना आपल्या मनात काय येईल ते सांगायला नको. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता या चित्रांची दुसरी बाजू. अभ्रकावर काढलेली चित्रे म्हणून एक प्रकार होता. अभ्रकाचा पातळ पापुद्रा काचेसारखा पारदर्शक असतो. मुर्शिदाबाद, पाटणा आणि तिरुचिरापल्ली येथे त्यावर चित्रे काढून विकत. त्यांतील काही संच मोठे चमत्कारिक आहेत. एका जाड कागदावर फक्त चेहरा रंगविलेला असतो. सोबत अभ्रकाच्या अनेक चकत्या असतात आणि प्रत्येकीवर एक पोशाख असतो, चेहऱ्याची जागा मोकळी. एक चकती ठेवली की तो चेहरा शिपायाचा होतो, दुसरी ठेवली की भिश्त्याचा, तिसरी ठेवली की फकिराचा. चेहरा एकच, पोशाख बदलत जातात. विलायतेतील मुलांसाठी ते गमतीचे खेळणे झाले असेल. परंतु सगळ्याच व्यवसायचित्रांचा स्वभाव त्या खेळण्यात उघडा पडतो. गिऱ्हाइकाला माणूस नको होता, त्याला ‘न्हावी’ हवा होता, ‘परीट’ हवा होता. चित्राखाली तोच एक शब्द लिहिलेला असतो, आणि तोही अनेकदा विकत घेणाऱ्याच्या हातचा, वेड्यावाकड्या इंग्रजी स्पेलिंगात.

मी आयुष्यभर रुग्णालयात काम केले, त्यामुळे ही सवय मला परकी नाही. वॉर्डमध्ये घाई असते तेव्हा माणसे रुग्णाला खाटेच्या नंबरावरून किंवा आजारावरून ओळखू लागतात. ‘सात नंबरला सलाईन लावा’, ‘ते अपेंडिक्स हलवा’. आम्हांला शिकविणाऱ्या सिस्टर याबाबत फार कडक होत्या. औषध देण्यापूर्वी चार्टवरील नाव वाचायचे, रुग्णाला त्याचे नाव विचारायचे, मगच हात पुढे करायचा. त्यात सौजन्य होतेच, पण मुख्य गोष्ट सुरक्षिततेची होती. नंबर चुकतो, खाट बदलते. माणूस नावानेच नीट ओळखला जातो.

धंद्याच्या चित्रांनी एक मोठा गैरसमज पक्का केला. एक जात म्हणजे एक धंदा, एक पोशाख, आणि हे असेच पूर्वापार चालत आले आहे, पुढेही चालणार आहे, असे ती चित्रे पाहून वाटते. कोऱ्या पार्श्वभूमीवर उभा असलेला विणकर दुष्काळ पडल्यावर कोठे गेला, विलायती कापड बाजारात आल्यावर त्याच्या मागाचे काय झाले, त्याच्या मुलाने कोणते काम धरले, हे चित्र सांगत नाही. पुढे चित्रांची जागा छायाचित्रांनी घेतली तरी रीत तीच राहिली. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानच्या लोकांची छायाचित्रे आठ खंडांत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, १८७१ साली, काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा कायदाही झाला. चित्रांमुळे कायदा झाला असे मी म्हणत नाही. पण माणसाकडे न पाहता त्याच्यावरील चिठ्ठीकडे पाहण्याची दृष्टी दोन्हींत सारखीच आहे.

सगळेच असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दिल्लीत विल्यम फ्रेझर नावाचा कंपनीचा अधिकारी आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी १८१५ ते १८१९ या काळात स्थानिक चित्रकारांकडून नव्वदांहून अधिक चित्रे काढवून घेतली. ती घराण्याच्या कागदपत्रांत पडून होती आणि १९७९ साली प्रकाशात आली. त्यांत हरियाणातील खेड्यांतील माणसे आहेत, लष्करात भरती होण्यासाठी आलेले तरुण आहेत, आणि कितीतरी जणांची नावे चित्रावर लिहिलेली आहेत. ही चित्रे पाहताना फरक ताबडतोब जाणवतो. चार माणसे एका ओळीत उभी असली तरी चौघांचे चार स्वभाव दिसतात. एकाच्या डोळ्यांत मिश्कीलपणा आहे, एकाला तिष्ठत उभे राहणे नको झाले आहे. जो चित्रकार ‘जात’ काढायला बसला नव्हता त्याने माणूस काढला.

दुसरे उदाहरण तंजावरचेच आहे आणि माझ्या व्यवसायामुळे मला ते अधिक जवळचे वाटते. दुसरे सरफोजीराजे, ज्यांनी १७९८ ते १८३२ राज्य केले, त्यांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रवैद्यकाची मोठी आवड होती. त्यांच्या काळातील डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी मोडी व इंग्रजी लिपीत आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि त्यांच्यासोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. मोतीबिंदू कसा दिसतो, बुबुळावर डाग कोठे आहे, हे चित्रकाराने दाखविले आहे. नोंदीत त्या एका माणसाची तक्रार आणि त्याच्यावरील उपचार आहे. शहर एक, काळ एक, चित्रकारांची परंपराही तीच. बाजारात विकायच्या संचात संपूर्ण माणूस डोक्यापासून पायांपर्यंत काढलेला आहे आणि तरी तो कोण ते कळत नाही. दवाखान्याच्या कागदावर एकच डोळा काढलेला आहे, आणि तो एका विशिष्ट माणसाचा आहे. फरक हेतूचा आहे. एक चित्र दाखविण्यासाठी काढले होते आणि दुसरे बरे करण्यासाठी.

आता आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे येऊ. मुंबई-पुण्याकडे अशा चित्रांचा बाजार बंगाल किंवा मद्रासइतका भरला नाही. पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आश्रयाने गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उत्तम कामे केली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा, कसरत करणारे मल्ल, वेरुळची लेणी त्याने काढली. ‘तांबट’ हे नावच धंद्याचे आहे, पण या चित्रकाराचे स्वतःचे नाव टिकले ही समाधानाची गोष्ट. पुढे १८२६ पासून कॅप्टन ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानातील देखावे, इमारती आणि पोशाख यांचे पुस्तक काढले. १८५०च्या दशकात मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, आणि विल्यम जॉन्सन या मुंबईतील कारकुनाने शहरातील जातीजमातींची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. १८६३ आणि १८६६ साली त्यांचे दोन खंड निघाले. माणसांची छायाचित्रे एका जागी घ्यायची, देखावा दुसरीकडचा घ्यायचा आणि दोन्ही जोडायची, अशी त्याची पद्धत होती. म्हणजे चित्रकारांचीच जुनी रीत त्याने नव्या यंत्राने चालविली.

जॉन्सनच्या त्या काळच्या छायाचित्रांत आपले लोक आहेत. खाली ‘बेने इस्राएल’ असे लिहिलेले आहे. पुरुषांच्या डोक्यावर पागोटी, स्त्रियांचे कासोट्याचे लुगडे आणि चोळी. कोकणातील शेजाऱ्यांसारखाच वेश. ते कोणाचे आजोबा, कोणाची पणजी, गाव कोणते, हे तेथे नाही. त्यांचे वंशज आज या सभागृहातही बसलेले असतील.

त्याआधीच्या चित्रकारांनी आपल्याला का काढले नाही, असे मुले विचारतात. माझे उत्तर असे की कदाचित काढलेही असेल. अठराव्या शतकापासून आपली कितीतरी माणसे कंपनीच्या पलटणीत होती. सॅम्युएल दिवेकर स्वतः पलटणीतलेच. मुंबईच्या पलटणीतील शिपायाचे चित्र काढताना चित्रकाराला लाल डगला दिसला, टोपी दिसली, बंदूक दिसली. तो शिपाई शुक्रवारी संध्याकाळी शेमा म्हणतो हे त्याला कसे दिसावे? तसेच घाण्याचे. घाणा हाकणारा कोकणातला माणूस हिंदू तेल्यासारखाच दिसणार. फरक होता तो शनिवारी घाणा बंद असण्यात. शेजाऱ्यांनी हे बरोबर टिपले आणि आपल्याला ‘शनवार तेली’ म्हटले. चित्रात मात्र वार दाखविता येत नाही. बंद पडलेला घाणा, झापड काढून मोकळा सोडलेला बैल, धुतलेली भांडी आणि दारात नुसता बसलेला माणूस, असे चित्र कोण विकत घेणार? धंद्याच्या चित्रात माणूस काम करतानाच दिसला पाहिजे, आणि आपली ओळख तर काम न करण्याच्या दिवसाची होती.

‘शनवार तेली’ हे नाव आपल्याला दुसऱ्यांनी दिले. त्यात तिरस्कार होता असे मला वाटत नाही. उलट त्या नावानेच आपला शब्बाथ लोकांच्या तोंडी राहिला. पण ते नाव जर एखाद्या चित्राखाली कायमचे चिकटले असते, तर आपण तेवढेच राहिलो असतो. प्रत्यक्षात आपल्या माणसांनी घाण्याबरोबर शेती केली, पलटणीत नोकऱ्या केल्या, मुंबईत सुतारकाम, गवंडीकाम केले, कचेऱ्यांत कारकुनी केली, रेल्वेत गेली. आपल्या स्त्रिया शिक्षिका झाल्या, आणि मुंबईच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून त्यांचे नाव झाले. घाणा हाकणाऱ्याच्या पणतीने पांढरा गणवेश घातला. हे स्थित्यंतर कोणत्याही जातिसंचात सापडणार नाही.

चित्राखालचे नाव स्वतः लिहिणारेही पुढे निघाले. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते विद्यार्थी म्हणून गेले आणि तेथेच शिक्षक होऊन मोठ्या पदाला पोहोचले. मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे त्यांनी रेखाटली, त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. १९२० साली ओटो रॉथफेल्ड यांच्या हिंदुस्थानातील स्त्रियांवरील पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया रंगविल्या. साचा अजून जुनाच होता, पण त्यांच्या मासे विकणाऱ्या कोळिणीकडे पाहिले की ती आता भाव सांगेल असे वाटते. आणि आपल्या पाठारे प्रभू समाजातील विवाहविधी त्यांनी रंगविले, तेव्हा तर ते घरच्याच माणसांची चित्रे काढीत होते. कोणता दागिना कोणत्या प्रसंगी, कोणती स्त्री कोठे उभी राहते, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

आपल्याकडे हे काम चित्राने नव्हे, शब्दांनी झाले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. आपले सण, विवाह, धंदे, पोशाख, घराणी यांची त्यात समाजातीलच एका माणसाने केलेली नोंद आहे. ते पुस्तक छापून निघाले ते १९३७ साली, तेल अवीवमध्ये, इमान्युएल ओल्सवांगर यांच्या प्रयत्नाने. तोपर्यंत केहिमकर हयात नव्हते. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणी तरी जपले, म्हणून आज आपल्या हाती आहे.

दुसऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठीची किंमत काय पडते, हे आपल्या पिढीला याच देशात कळले. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने विवाहापूर्वी आपल्या समाजातील कुटुंबांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. आपण कोण आहोत हे दुसरे कोणी ठरविणार होते. आपल्या माणसांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, १९६४च्या उन्हाळ्यात यरुशलायममध्ये धरणे धरले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला. त्या लढ्याच्या वेळी घराण्यांची नावे, गावे, सिनेगॉगची दफ्तरे यांना किती मोल आले, हे येथील ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल.

१९९५ साली यरुशलायमच्या इस्राएल संग्रहालयाने भारतातील यहुद्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. आपली लुगडी, दागिने, भांडी काचेच्या कपाटात मानाने ठेवलेली दिसली. आपल्या समाजात जन्मलेल्या चित्रकार सियोना बेंजामिन यांनी अलीकडच्या काळात भारतातील आणि नंतर इस्राएलमधील आपल्या माणसांना भेटून, त्यांच्याशी बोलून, त्यांच्या छायाचित्रांवरून त्यांचे चेहरे रंगविले आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या अभ्रकाच्या चकतीत जी जागा मोकळी सोडलेली होती, तेथे आता एकेका व्यक्तीचा चेहरा येतो आहे, आणि तो समाजातीलच एका स्त्रीच्या हातून येतो आहे.

परंतु प्रत्येक घराला चित्रकार मिळणार नाही. घरोघरी आहेत ती छायाचित्रे. आणि त्यांची स्थिती मला जॉन्सनच्या छायाचित्रांसारखीच होत चाललेली दिसते. पेटीत, अल्बममध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत नऊवारी नेसलेल्या आज्या आणि कोट-टोपी घातलेले आजोबा आहेत. आज ज्यांना त्यांची नावे ठाऊक आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या नातवंडांना त्या छायाचित्रात ‘एक हिंदी बाई’ दिसते. मेहंदीच्या समारंभाला मुली आता चित्रपटातला घागरा भाड्याने आणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हौसेला मोल नसते. पण आपल्या पणजीचा वेश तो नव्हता, हे त्यांना कळावे. आणि ते सांगणारे छायाचित्र घरातच असेल, तर त्याच्या पाठीवर दोन ओळी असायला हव्यात.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. जुनी छायाचित्रे बाहेर काढावीत. मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, छायाचित्राच्या मागच्या बाजूला कडेला लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याची शाई पुढे उमटते आणि टोकाचा वळ चेहऱ्यावर येतो. लिहावे ते असे : माणसाचे नाव, वडिलांचे नाव, स्त्री असेल तर माहेर आणि सासर, गाव, अंदाजे साल, आणि काम काय करीत असत ते. आपली आडनावे ही गावांची आहेत, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. येथे आल्यावर काही घरांनी आडनावे बदलली. तेथे जुने आणि नवे दोन्ही लिहावे, नाहीतर पुढची पिढी एकाच माणसाला दोन समजेल. काम लिहिताना नुसते ‘नोकरी’ लिहू नये. कापडगिरणीत सांचेखात्यात होते, गोदीत होते, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, असे लिहावे. ज्यांना नऊवारी नेसता येते त्या बहिणींनी एकदा सावकाश नेसून दाखवावी आणि तरुणांनी त्याचे चित्रीकरण करावे. ते पाहून शिकणे जिभेने सांगण्यापेक्षा सोपे आहे.

पुरीमच्या सणानंतरच्या पहिल्या बैठकीला प्रत्येक घरातून किमान पाच छायाचित्रे आणावीत, असे आपल्या महिला मंडळाने ठरविले आहे. सुशिक्षित तरुण मंडळी ती संगणकावर उतरवून घेतील आणि मूळ प्रती त्याच दिवशी परत देतील. ज्या छायाचित्रातील माणूस घरात कोणाला ओळखू येत नसेल, तेही आणावे. मेजावर मांडून ठेवू. शेजारच्या गावची एखादी मावशी येईल आणि सांगेल, ‘ही तर आमच्या रेवदंड्याची.’ मग पेन्सिल हातात असलीच पाहिजे.